घरभेटींचा रकाना

खंदारे ग्रामसेवक कुणाच्या दारात जात नसत. घरापासून वीसेक पावलांवर सायकल उभी करायची, घंटी दोनदा वाजवायची आणि तिथूनच हाक द्यायची, "मारोतराव, चला शेताकडं!" मग मारोतराव चपला शोधत बाहेर यायचे आणि दोघं बांधाची वाट धरायचे. सायकलच्या हँडलला खंदाऱ्यांचा स्वतःचा पितळी पेला बांधलेला असे. माणूस स्वच्छतेचा फार भोक्ता दिसतो, असं मला वाटायचं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी परभणीला विद्यापीठात एम.एस्सी. करत होतो. विषय कृषी विस्तार, म्हणजे सरकारची शेतीसेवा शेतकऱ्यापर्यंत कितपत पोचते याचा अभ्यास. प्रबंधासाठी एका ग्रामसेवकाच्या कामाची पाहणी करायची होती. सरांनी सोनपेठकडच्या खंदाऱ्यांचं नाव दिलं. पहिल्या दिवशी मी इस्त्रीची पँट आणि नवे बूट घालून ऐटीत गेलो. बुटांकडं बघत ते म्हणाले, "सायब, हे हितंच काढून ठिवा. काळ्या रानात गेल्यावर ते तुमचे ऱ्हायचे न्हाईत."

"तुम्ही कधी घरी बसून का बोलत नाही?" मी एकदा विचारलं.

"पीक काय घरात येतंय का, सायब? बांधावर बोललेलं ध्यानात ऱ्हातंय."

मला हे इतकं आवडलं की मी ते वहीत उतरवून घेतलं.

दुपारी मला कुणी ना कुणी जेवायला घरी नेई. खंदारे बाभळीखाली एकटेच भाकरी सोडत. मी मागं वळून पाहिलं की म्हणत, "जा तुमी, हरकत न्हाई." "हरकत न्हाई" हे त्यांच्या तोंडी कायमचं. मी ढेकर देत परत यायचो, तेव्हा पेला धुऊन पालथा घातलेला असे आणि ते माझं विस्ताराचं पुस्तक ओळीवर बोट ठेवून वाचत असत. एखाद्या ग्रामसेवकाला पदवीसाठी विद्यापीठात पाठवायची तेव्हा सोय होती. त्यांनी अर्ज केला होता.

"औंदा वय बसतंय, फुडल्या साली बसायचं न्हाई," ते म्हणाले. "मागच्या बाकावर जागा मिळाली तरी बास. मी जे करायलोय त्याला पुस्तकात काय म्हन्तेत, तेवढं बगायचंय."

दिवाळीच्या सुट्टीत ते पुस्तक परत करायला गंगाखेडजवळच्या आमच्या गावी आले. घंटी ओळखून मी धावत बाहेर गेलो. आईनं चहा बाहेरच पाठवला. तो त्यांनी आपल्या पेल्यात ओतून घेतला. तासभर उभ्यानं गप्पा झाल्या आणि मी खुशीत घरात आलो.

माझ्या प्रश्नावलीत एक रकाना होता, 'ग्रामसेवकाच्या घरभेटी'. शेतकऱ्यांनी खरं तेच सांगितलं. "घरी? घरी कवाच आले न्हाईत." प्रत्येक नावापुढं मी शून्य घातलं आणि निष्कर्ष लिहिला, की शेतकरी कुटुंबांशी संपर्क ठेवण्यात सदर ग्रामसेवक कमी पडतात. पदवीच्या निवडीसाठी वरून त्यांच्या कामाविषयी विचारणा झाली, तेव्हा सरांनी माझाच गोषवारा पाठवून दिला. जागा दुसऱ्याला मिळाली.

कळल्याबरोबर मी एसटीनं सोनपेठ गाठलं. खंदारे सायकलची चेन बसवत होते. शरमेपोटी मी त्यांच्यावरच चिडलो. "एकाच्याही घरी का गेला नाहीत? निदान मला सांगायचं तरी!"

त्यांनी चेन बसवली, हात पुसले. "आमी बौद्ध हाव, सायब. आत या म्हनून कोन म्हनलंय?"

ते बौद्ध आहेत हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ठाऊक असूनही मला काही दिसलं नव्हतं.

"तुमच्या कागदावर 'गेले का' असं होतं," ते शांतपणे म्हणाले. "'बोलावलं का' असं कुटं होतं? जाऊ द्या. हरकत न्हाई."

आमच्या घरी चला, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण आमच्या घरी ते येऊन गेले होते. तसाच परत फिरलो. सरांकडे दुरुस्तीसाठी गेलो, तर यादी केव्हाच लागलेली होती.

पुढं मला लांब नोकरी लागली. त्यांची पोस्टकार्डं यायची. पाऊस, पेरणी, ज्वारीवरची कीड. स्वतःविषयी ओळ नसायची. मग कार्डं थांबली. चौकशी केली तेव्हा कळलं, खंदारे गेले.

पालमला त्यांच्या गावच्या घरी मी पहिल्यांदाच जात होतो. दारापाशी पोचलो. बाहेरच उभा राहिलो. त्यांच्या पत्नी दारात आल्या. मी नाव सांगितलं.

"भाहीर का थांबलाव?" त्या म्हणाल्या. "आत या की."

आत नेऊन त्यांनी मला बाजेवर बसवलं आणि पाणी दिलं. पेला तोच, पितळी. तो मी दोन्ही हातांनी धरला. आत या की. एवढंच त्या दिवाळीत मला म्हणता आलं नव्हतं.