काळ्या पडद्यावरचा रेडिओ

माझ्या नवऱ्याचं नाव आईबापानं ठेवलं हौसराव. मी मनातनं त्याला ध्यान म्हणते. शिरूरला कम्प्युटर क्लासात शिकवायला जायचं, तिथनंच दोन हजार आठ साली एक टाकाऊ कम्प्युटर आमच्या राहू गावी घरी आणला. त्याला ना माऊस, ना चित्रं. नुसता काळा पडदा. त्यावर इंग्रजीत काहीबाही बडवलं की इंटरनेटवरनं जगातल्या रेडिओ स्टेशनांची यादी यायची. नंबर टाकून एंटर दाबला की गाणं सुरू. कधी ब्राझीलचं, कधी तुर्कस्तानचं. एक अक्षर कळायचं न्हाई, तरी मान डोलवायचं. वर मलाच ऐकवायचं, "सुषमा, माऊस लागतो तो अडाण्यांना."

त्याच तोऱ्यात आबांचा ट्रान्झिस्टर शेजारच्या धुरपदामावशीला देऊन टाकला. म्हणे भंगार हाय. आबा म्हंजी माझे सासरे. सारी हयात मेंढरांमागं गेली, आन् संध्याकाळचा शेतीचा कार्यक्रम हाच काय तो इसावा. मी नको म्हणाले, पण माझं ऐकतंय कोण?

आन् नेमकं त्याच साली दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या रेडिओवाल्यांनी येऊन आबांना बोलतं केलं. मेंढरं कोकणात न्यायच्या जुन्या वाटा, मेंढरांचे रोग, सगळं टेप करून नेलं. गुरुवारी साडेसहाला लागणार होतं. आबांनी ती तारीख मला भिंतीवर कोळशानं लिहायला लावली.

"मावशीकडनं ट्रान्झिस्टर मागून आणते," मी म्हणाले.

"माझी इज्जत घालवतीस व्हय? जगातली स्टेशनं माझ्या बोटावर हाईत."

बरं, आधी एकदा पुणं लावून बघावं, तर तेबी न्हाई. उलट अख्ख्या आळीला आवतण दिलं.

गुरुवारी सोपा भरला. आबा नवा पटका बांधून म्होरं बसले. ध्यानानं पुणं बडवलं, यादी रिकामी. पुन्हा बडवलं, पुन्हा रिकामी. मग मराठी म्हणून शोधलं, तवा अमेरिकेतलं कुठलंसं स्टेशन लागलं, त्यावर लग्नाची गाणी. पावणेसात झाले. लोक गालातल्या गालात हसत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"थांबा आबा, एकच कमांड राहिलीय," ध्यान घाम पुसत म्हणालं.

धुरपदामावशीचे गुडघे धरले होते, म्हणून ती आली नव्हती. तिच्या भिंतीपलीकडनं खरखर ऐकू आली, आन् त्या खरखरीत आमचे आबा बोलत होते. "घाट उतरताना म्हातारी मेंढी म्होरं ठिवायची. तिला वाट ठावी असती."

"हौस्या, ते बंद कर," आबा म्हणाले. "मला माझं ऐकू येईना."

ध्यानाला बंद करायची कमांड आठवंना. आबा उठले, त्यांच्यामागं सगळी आळी उठली, मीबी उठले. मावशीच्या दारात पोचेस्तोवर निम्मं संपलं होतं. उरलेलं आबांनी उभ्यानंच ऐकलं.

ट्रान्झिस्टर त्यांनी परत मागितला न्हाई. रोज साडेसहाला मावशीच्या ओट्यावर जाऊन बसत्यात. ध्यान अजून सांगतंय, ती एक कमांड सापडली की पुणं लागंल.