टकलावरचा तीनशे बारा

माझी मावशी शिंप्याच्या दुकानात बत्तीस वर्षं एकच काम करत आली: कापडाला दोरा जुळवायचा. सहाशे रंगांचे नंबर तिला तोंडपाठ. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पहिल्याच दिवशी ती रॅकसमोर किंचाळली, "अगंबाई! हे निळे असे होते होय?" आता हिचे नंबर चुकणार, असा दुकानाच्या मालकांनी, मास्तरांनी धसका घेतला. तिला बटणं लावायला बसवलं आणि तिचं रॅकसमोरचं स्टूल माळ्यावर गेलं.

मावशी आठवडाभर धड जेवली नाही.

रविवारी दुकानाची सहल निघाली, डोंगरात, फुलपाखरं बघायला. मावशीने मलाही ओढलं. पायथ्याशीच तिने मास्तरांना गाठलं. "दोऱ्यांच्या नमुन्यांचं शेड कार्ड आणलंय. तीन फुलपाखरांचे नंबर सांगते. बरोबर आले तर स्टूल खाली!"

"आणि चुकले तर?"

"तर बटणं. मरेपर्यंत."

पहिलं पिवळं. "एकेचाळीस!" मावशी ओरडली. मास्तर कार्ड घेऊन झुडपात घुसले, काटे काढत परतले. "बरोबर." दुसरं केशरी. "अठ्ठ्याण्णव!" मास्तर घसरगुंडी करत खाली. "बरोबर... आई गं!"

मग दुपारपर्यंत एकही नाही. मास्तरांनी घाम पुसायला टोपी काढली आणि एक फुलपाखरू सरळ त्यांच्या टकलावर उतरलं.

"हलू नका!" मी ओरडले. "घाम पितंय!"

"तीनशे बारा," मावशी म्हणाली.

मी बघितलं. मिटलेले पंख, मातकट तपकिरी. तीनशे बारा म्हणजे निळा. "मावशी, अगं, तपकिरी आहे..."

"गप गं. उडताना बघितलंय मी. हे नुसतं अस्तर आहे."

"मला कसं दिसणार?" मास्तर ओठ न हलवता पुटपुटले. "भाची तुमचीच! हिचा शब्द नाही मानणार!"

मावशीने पर्समधून पावडरची डबी काढली, तिचा आरसा त्यांच्या डोक्यावर तिरपा धरला. मी शेजारी कार्ड धरलं. तिघंही श्वास रोखून.

अस्तर उलगडलं, पंख उघडले. असा निळा, की मास्तरांच्या तोंडून "अहाहा!" निघालं. कार्डावरचा दोरा पंखापाशी धरला तर कुठला कोणता, कळेना.

"मावशी," मास्तर आरशाला म्हणाले, "उद्या स्टूल खाली."

"उशीसकट."

"उशीसकट! आता याला उठवा ना, गुदगुल्या होतायत!"

"पिऊ दे की त्याला," म्हणत मावशीने डबा उघडला आणि पोटभर जेवली.