खोक्यातली बाळंतीण

परवा मुलाचा नवा लॅपटॉप आला. खोकं उघडताच कोऱ्या पुठ्ठ्याचा वास आला आणि मला बिबवेवाडीतल्या आमच्या दोन खोल्या आठवल्या.

मी तेव्हा कॉम्प्युटर शिकत होते. वडिलांनी बुधवार पेठेतून सुटे भाग जुळवून आणलेल्या कॉम्प्युटरची वायर नेमकी माझ्या परीक्षेच्या आठवड्यात उंदराने कुरतडली. आई झाडू घेऊन घरभर शोधत होती. शेवटी कपाटावर ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या रिकाम्या खोक्यात तिला कागदाच्या चिंध्यांचं घरटं सापडलं. आत सहा गुलाबी पिल्लं होती, डोळेही न उघडलेली.

"फेकून दे सगळं," मी रागाने म्हणाले.

आईने झाडू खाली ठेवला. "बाळंतीण आहे ती. पंधरा दिवस राहू दे."

"आणि माझी परीक्षा?"

"पेपर तुला लिहायचाय, तिला नाही."

वडिलांनी नवी वायर आणून उंचावरून नेली. वायरीला पुन्हा तोंड लागू नये म्हणून आई रोज खोक्यापाशी भाकरीचा तुकडा ठेवायची. मी पास झाले. मग एका सकाळी खोकं रिकामं दिसलं.

"सांगून तरी जायचं," आई पुटपुटली.

तेव्हा मला तिचं हे वागणं विचित्र वाटलं होतं. आता वाटतं, त्या एवढ्याशा घरात आईला कुणाचीच अडचण होत नव्हती.