एका साच्यातलं अभिनंदन

"सगळं फेक आहे, मॅडम. बँडचं अकाउंट बंद करा," कौशिक सर फोनवर म्हणाले. सर पुण्यात बसतात. माझ्याहून बरेच लहान आहेत, पण बॉस आहेत म्हणून सर. मी परभणीत घरूनच काम करते. समोर स्क्रीनवर एकाखाली एक अभिप्राय होते आणि सगळे शब्दाशब्दाला सारखे: 'खूप खूप अभिनंदन! पुढील वाटचालीस मंगलकामना. जय भीम.'

माझं काम आधी सांगते. रॉक संगीत ऐकणाऱ्यांची एक साईट आहे. तिथं लोक एखादा आल्बम, म्हणजे बँडनं एकत्र काढलेली गाणी, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात आणि मत लिहितात. मग त्या मतांवरून भांडतात. मराठी विभागाची मी मॉडरेटर. शिव्या काढायच्या, जाहिराती काढायच्या आणि खोटी मतं हुडकायची. एकच माणूस वेगवेगळ्या नावांनी येऊन स्वतःची पाठ थोपटतो, त्याला आमच्याकडे सॉक पपेट म्हणतात. सापडला की अकाउंट कायमचं बंद. आल्बमही साईटवरून जातो.

बँडचं नाव 'बॉयलर'. गंगाखेडची चौघं. गाणारा सिद्धार्थ साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला. ऊस गाळपाला लागला की त्याला मान वर करायला फुरसत नसते, म्हणून त्यांनी उन्हाळाभर पत्र्याच्या खोलीत घाम गाळत सहा गाणी रेकॉर्ड केली होती. पहिलाच आल्बम. मराठी रॉक ऐकणारी माणसं आधीच मूठभर, आणि त्यातली बहुतेक याच साईटवर. इथून हाकललं तर पोरांनी ऐकवायचं कुणाला?

मी सिद्धार्थला फोन लावला. प्रकार ऐकून तो गडबडला.

"आमी कुणालाच खोटं लिवा म्हणलं न्हाई, मॅडम. पावण्यारावळ्यांच्या ग्रुपवर निस्ती लिंक टाकली. काय वाटलं ते लिवा म्हणलं."

तिथंच घोळ झाला होता. ग्रुपवर कुणाचा वाढदिवस असला की पहिला माणूस शुभेच्छा टाइप करतो आणि बाकीचे त्याच उचलून चिकटवतात. त्यात लबाडी नसते. आळस असतो आणि थोडं प्रेम. 'काय वाटलं' या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे 'अभिनंदन' हेच आहे. लग्नातली भाजी अळणी असली तरी हात धुताना आपण 'झकास झालं' म्हणतोच की!

हे मी सरांना समजावलं.

"मॅडम, सिस्टिमला पाहुणे कळत नाहीत."

"मला कळतात. संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

"संध्याकाळी काय बदलणार आहे?"

"खोटं अकाउंट कधी खोड काढत नाही, सर. ही माणसं खरी असतील तर नावं ठेवतील."

सर हसले, पण वेळ मिळाला. मी सिद्धार्थला म्हटलं, ग्रुपवर टाक, शुभेच्छा नकोत. काय आवडलं नाही आणि का, तेवढंच लिहा.

"काय आवडलं न्हाई, ते?" तो म्हणाला. "मॅडम, तुमी आमच्या पावण्यांना वळखत न्हाई."

दुपारची जेवणं उरकली आणि सुरुवात झाली. देवगाव फाट्याजवळ राहणाऱ्या सिद्धार्थच्या मेव्हण्यानं लिहिलं, 'दुसऱ्या गाण्यात ड्रम लय बडवलाय. म्हैस दावं तोडायली.' कुणाला शेवटचं गाणं संपता संपेना. एकानं सरळ कबूल केलं, 'मी ऐकलंच नव्हतं. आता ऐकायलोय.' मग आल्या सुमनआत्या. सिद्धार्थच्या आत्या, जिल्हा परिषद शाळेच्या निवृत्त बाई. त्यांनी परिच्छेद पाडून लिहिलं होतं.

'चौथे गाणे पुन्हा पुन्हा ऐकले. ते आईवरचे आहे हे मला कळले, कारण आमची वहिनी कशी होती ते मला माहीत आहे. इतरांना कसे कळणार? गिटारच्या गोंगाटात तुझा आवाज बुडाला आहे. एवढे मनापासून लिहिलेस, मग लपवतोस कशाला?'

मी ते गाणं पुन्हा लावलं. कान देऊन ऐकलं तेव्हा शब्द लागले आणि माझे डोळे भरून आले. बाईंचं अगदी खरं होतं.

तेवढ्यात सिद्धार्थचा फोन. "मॅडम, अकाउंट बंदच करा. शुभेच्छाच बऱ्या होत्या."

पण तोवर साईटवरची जुनी खोडं जागी झाली होती. एरवी नवख्या बँडला हिंग लावून न विचारणारी ही मंडळी. आत्यांच्या खाली एकानं लिहिलं, 'बाई बरोबर बोलताहेत. मिक्सिंग चुकलंय.' मिक्सिंग म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज आणि वाद्यं एकत्र बसवणं. कुणाला पुढं आणायचं, कुणाला मागं ठेवायचं ते ठरवणं. दुसऱ्यानं गिटार कुठे कुठे खाली घ्यायची ते सविस्तर सांगितलं. तिसऱ्यानं म्हशीची चौकशी केली.

संध्याकाळी सरांनी सगळं वाचलं. "एवढं वाईट कुणी ठरवून लिहून घेत नाही," ते म्हणाले. "अकाउंट राहू द्या."

 मला वाटलं, एवढी नावं ठेवल्यावर सिद्धार्थ खचला. मग एके दिवशी चौथं गाणं पुन्हा साईटवर आलं, नव्यानं मिक्स केलेलं. गिटार मागं, आवाज पुढं. ज्यांनी चुका काढल्या होत्या तेच आता ते गाणं एकमेकांना पाठवत होते. सगळ्यांनी मिळून ऐकायचा पुढचा आल्बम म्हणून त्यांनी 'बॉयलर'चाच निवडला. मला इतका आनंद झाला की मी सरांना उगीचच फोन केला.

सिद्धार्थचाही फोन आला. "आत्याचं वाचलं का, मॅडम?"

मी उघडून पाहिलं. 'आता प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू येतो. त्यामुळे दुसरे कडवे कच्चे आहे हेही स्पष्ट झाले. सुधारून पाठवणे.'

"मग?" मी विचारलं.

"मग काय, बसलोय सुधारायला."

शुभेच्छांना धन्यवाद म्हणून मोकळं होता येतं. खरं मत देणाऱ्या आत्यांपासून सुटका नसते.