नळाचे भविष्य

मी संगणक अभियांत्रिकी शिकत होतो त्या काळी आमच्या महाविद्यालयात संगणकाच्या खोलीबाहेर पादत्राणे काढून ठेवावी लागत. धूळ यंत्राला बाधते, हे त्याचे शास्त्रीय कारण. परंतु मी पैठणच्या पाठशाळेत वाढलेला. त्या दारापाशी उभा राहिलो की मला धुळीखेरीज दुसरेही काही आठवे. आत पडदे ओढलेले असत, गारवा असे, आणि यंत्रांवर झालर लावून शिवलेली आच्छादने असत. ती काढण्याचा अधिकार केवळ प्रयोगशाळा सहायकांना होता. वीज गेली की ते दोन्ही हात पसरून दारात उभे राहत आणि म्हणत, "बंद, बंद! आता पुढच्या आठवड्यात." देवळाचे दार निदान संध्याकाळी पुन्हा उघडते.

देवाविषयी माझा जो भाव तेव्हा होता, तोच आज वार्धक्यातही आहे. म्हणूनच त्या खोलीतील सोवळ्याची थट्टा करण्याचा मला थोडा अधिकार आहे असे मी समजतो. खरे सोवळे मी पाहिले होते. त्याला पाणी लागते.

आणि पाणी तर शहरात नव्हतेच. ओळीने आलेली ती अवर्षणाची वर्षे. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते आणि ते पावसाची वाट न पाहता वाढत होते. गारखेड्यात ज्या रानात आदल्या वर्षी ज्वारी उभी असे, तेथे चुन्याच्या रेघा पडत, मग घरे उभी राहत, मग घरांवर टाक्या चढत आणि त्या रिकाम्या राहत. बोअर घेणारी गाडी एका प्लॉटमधून धूळ काढून शेजारच्या प्लॉटमधून धूळ काढावयास जाई. नळाचे पाणी पैठणहून येई, म्हणजे माझ्याच गावाहून. शहरात येऊन टिकणे आम्हा दोघांनाही जड जात होते.

वडील पाठशाळेत व्याकरण शिकवीत. मला अभियांत्रिकीला पाठवताना त्यांनी एकच अट घातली होती: एकदा जरी नापास झालास, तरी परत यावयाचे आणि धाकट्या वर्गाला शब्दरूपे घोकवावयास बसावयाचे. शब्दरूपांविषयी मला नितांत आदर आहे. ती जन्मभर दुसऱ्यांकडून घोकवून घेण्याचा उत्साह मात्र नव्हता. म्हणून पहिली तीन वर्षे मी पाठशाळेच्याच रीतीने काढली. यंत्र वाट्याला येई ते आठवड्यातून जेमतेम तासभर, तेव्हा संपूर्ण प्रोग्राम मी आधी पाठ करीत असे आणि आत गेल्यावर उतरवीत असे. खोलीतील माझा सोबती फुलंब्रीचा. तो अंथरुणात पडल्या पडल्या ऐकत असे.

"पंडित, ते सेमीकोलन बी चालीवर म्हणतो का रं तू?"

"विसरू नये म्हणून."

"म्हण, म्हण. आमच्याकडं भजनात लई माणूस कमी पडतंय."

अशा रीतीने चौथे वर्ष आले आणि प्रकल्प तेवढा उरला. त्या काळी प्रकल्पाचे विषय ठरलेले असत. ग्रंथालयाची नोंद, पगारपत्रक, रेल्वेचे आरक्षण. एकच फ्लॉपी एका वर्गाकडून पुढच्या वर्गाकडे, आजोबांच्या अंगठीसारखी, श्रद्धेने दिली जाई. तिच्यातील चुकाही कोणी काढीत नसे. दुर्दैवाने आमचे मार्गदर्शक सर त्या वर्षी कोठल्याशा परिषदेला जाऊन आले होते. "समाजोपयोगी काही करा," ते म्हणाले. "आणि चालले पाहिजे. बाहेरचे परीक्षक येतील, ते स्वतः बघतील. नाही चाललं तर मी काही करू शकणार नाही."

विषय सोबत्याने सुचवला, तोही रिकाम्या बादलीवर बसून. "समाजाला काय पाहिजे? नळ कवा येतो, येवढंच पाहिजे. काढ की तुझ्या कंप्युटरवर."

आम्ही गारखेड्यात ज्यांच्या घरी भाड्याने राहत होतो त्या काकू एका निवृत्त कारकुनाच्या पत्नी. शिस्तीच्या आणि पाण्याच्या बाबतीत निष्ठुर. मी पहाटे संध्या करीत असे, तर त्या ओट्यावरून सांगत, "आचमन तीनदा कशाला? दोनदा केलंस तरी देवाला चालतंय. त्यालाबी दुष्काळ दिसतोय." परंतु गेल्या दोन वर्षांत नळ केव्हा आला, केव्हा गेला आणि धार केवढी होती, हे सर्व त्यांच्या स्मरणात होते. ते त्यांनी कोठेही लिहिलेले नव्हते. त्यांना सारे तिथीने आठवे.

"कोजागिरीला रात्री आलं. धनत्रयोदशीला पहाटे, करंगळीएवढं. तुळशीच्या लग्नाला आलंच नाही, नवरदेवाला कोरडाच उभा केला. चंपाषष्ठीला भरीत भाजत होते तेव्हा आलं..."

सोबती हताश होऊन माझ्याकडे पाहू लागला. मी मात्र आनंदलो. तिथीवरून तारीख काढणे मला लहानपणापासून येत होते. संपूर्ण वर्गात हे माहितीचे भांडार वाचू शकणारा विद्यार्थी मीच, आणि ते ज्या यंत्रात भरावयाचे त्याला चतुर्थी की षष्ठी याचे सोयरसुतक नव्हते. आम्ही भरले. मी गणित मांडले, त्यातून पुढील आठवड्याच्या वेळा निघाल्या, आणि दोन्ही कडांना भोके असलेला प्रिंटरचा तो लांब कागद काकूंनी फाटकावर चिकटवला.

गुरुवारी दुपारी चार, असे त्यावर होते. गल्लीने पिंपे मांडली. चार वाजले, पाच वाजले. पाणी शुक्रवारी पहाटे आले, सारी झोपेत असताना, आणि निघून गेले.

"तुझ्या कंप्युटरला म्हणावं, एकदा रांगेत उभा राहा," काकू म्हणाल्या.

पुढचा अंदाजही चुकला. त्यापुढचाही. सरांनी विचारले, "किती अचूक?" सोबती म्हणाला, "सर, तारीख चुकते, पण महिना बरोबर येतो." सर हसले नाहीत. मला शब्दरूपे दिसू लागली. रामः, रामौ, रामाः. मी गणित पुन्हा तपासले. चूक सापडेना. ती गणितात नसून पाण्यात होती, पण पाणी परीक्षेला बसत नाही.

आणि मग, मी प्रोग्रामात काहीही बदललेले नसताना, अंदाज खरे ठरू लागले. मंगळवार, सकाळी सात. सातच्या ठोक्याला नळ खाकरला. शनिवार, दुपारी दोन, दोनला धार. काकूंचा स्वर पालटला. कागद फाटकावरून देवघराशेजारच्या खिडकीत आला, बाहेरून वाचता येईल आणि आतून पूजता येईल असा. एके सकाळी त्याच्या कोपऱ्यावर हळदीकुंकवाचे बोट दिसले. पलीकडच्या गल्लीतील बाया येऊन विचारू लागल्या, "आमच्याकडचं बघता का हो, पंडित?" कोणी पेरू आणले, कोणी शेवया. सोबत्याने दोन्ही स्वीकारले. सर भेटेल त्याला सांगू लागले की विषय त्यांनीच दिला होता.

मला वाटले, ही कृपा आहे. कृपेची कारणे शोधू नयेत असे माझे संस्कार सांगत, आणि शोधावीत असे शिक्षण सांगे. दोहोंत शिक्षण जिंकले, तेही केवळ मी लवकर उठत असल्यामुळे. एके पहाटे संध्येला बसणार, तोच खिडकीपाशी सायकल टेकलेली दिसली. खांद्यावर व्हॉल्व्ह फिरवण्याची लांब लोखंडी चावी घेऊन पाणीपुरवठ्याचे चाचा उभे होते. आसपासच्या तीन गल्ल्यांचे पाणी त्यांच्या हाती असे. ते कागदावर बोट फिरवीत वाचत होते.

"चाचा, काय बघताय?"

"टाइम देख रहा हूँ, पंडितजी. कल का नौ का लिखे क्या साडेनौ का? शाई फीकी है."

"पण वेळ तर तुम्हीच ठरवता!"

"पहले ठरवता था," ते शांतपणे म्हणाले. "गालियाँ भी मैंच खाता था. इधर खोला तो उधर के लोगां बोंब मारते, उधर खोला तो इधर के. अब बोल देता, कंप्युटर में आया नहीं. चुप बैठते. मेरे चाचा-मामा का उद्धार करनेवाले अब मेरे कू चाय पिलाते."

मी तसाच कोरड्या पळीने उभा राहिलो. माझे गणित पाण्याचे भविष्य सांगत नव्हते. पाणी माझ्या गणिताची नक्कल करीत होते.

सोबत्याला सांगितले. त्याने पेरू खाता खाता न्याय केला. "मंग? बरोबर येतंय ना? गप ऱ्हा. परीक्षा झाल्यावर सत्य बोल. ते काय नासतंय व्हय?"

परंतु पाठशाळेत घातलेली काही वळणे सेमीकोलनासारखी असतात. त्यांवाचून पुढचे वाक्य चालत नाही. परीक्षकांना खरे सांगावयाचे असे मी ठरवले. नापास झालो तर पैठणची गाडी होतीच.

परीक्षक पुण्याहून आले. उंच, करड्या केसांचे, पायमोज्यांवर प्रयोगशाळेत हिंडणारे गृहस्थ. पडद्यावरचे आकडे त्यांनी कंटाळून पाहिले आणि म्हणाले, "हे सगळं ठीक आहे. पाणी कुठे येतं ते दाखवा." सरांनी तत्काळ आपली स्कूटर काढली. आम्ही दोघे सायकलवर मागे.

कागदावर वेळ होती सकाळी अकराची. काकूंनी अंगण झाडून घेतले होते. शिंपण्याइतके पाणी नव्हते म्हणून रांगोळी कोरड्या धुळीतच काढली होती. गल्ली जमली होती. चाचाही सायकल धरून एका कडेला उभे होते, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवून आलेले असणार. अकरा वाजले. नळ खाकरला, थुंकला, आणि धार लागली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

"वा!" परीक्षक म्हणाले.

"सर," मी म्हणालो, "हे माझ्या गणिताने आलेले नाही. हे चाचा आमचा कागद वाचतात आणि त्याप्रमाणे चावी फिरवतात. गणित स्वतःच्या बळावर लावले होते तेव्हा ते प्रत्येक वेळी चुकले."

सरांचा चेहरा पाहवत नव्हता. पहिल्या बोलल्या त्या काकू. "भरल्या पाण्यापुढं अभद्र बोलायचं नाही सांगून ठेवते! साहेब, ऐकू नका. पोरगं सकाळपासून उपाशी आहे."

परीक्षक चाचांकडे वळले. "काय हो? हा म्हणतो ते खरं?"

चाचांनी आधी परीक्षकांकडे पाहिले, मग जमलेल्या गल्लीकडे, त्या साऱ्या रिकाम्या घागरींकडे आणि त्या धरणाऱ्या हातांकडे. पुन्हा त्या तोंडांच्या तावडीत सापडण्याची त्यांची तयारी नव्हती.

"मेरे कू क्या मालूम, साब," ते कमालीच्या निरागसपणे म्हणाले. "मैं तो ऊपर से हुकुम आता तब खोलता. ये पोट्टा आठ दिन पहले से लिख के रखता. मैं खुद हैरान हूँ. अल्ला की देन है."

"चाचा!"

"शरमाता है, साब. पंडित लोगां ऐसेच रहते."

परीक्षकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतकी वर्षे ते प्रकल्प तपासत आले होते, ते म्हणाले. प्रत्येक जण चाललेल्या गोष्टीचे श्रेय घेतो आणि न चाललेल्या गोष्टीचे खापर विजेवर फोडतो. आपले श्रेय दुसऱ्याला देणारा विद्यार्थी त्यांनी प्रथमच पाहिला. "कुठे शिकलास हा विनय?"

"पैठणला," सोबती मागून म्हणाला. "लई बक्कळ आहे त्याच्याकडं."

मी आणखी दोनदा खरे सांगण्याचा यत्न केला, आणि प्रत्येक वेळी माझ्या विनयाचे गुण वाढले. प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालो. सत्य बोलल्याने माणूस तरतो असे मला शिकवले होते. ते कोणी न मानल्यामुळे तरतो, हे कोणी शिकवले नव्हते. वडिलांना सारे सांगितले तेव्हा त्यांनी समोरची पोथी मिटली. मग म्हणाले, "चाचांना नमस्कार सांग."

तो सांगावयास गेलो, तेव्हा मी नोकरीसाठी शहर सोडणार हे चाचांना कळले होते आणि ते चिंतेत होते.

"फिर टाइम कौन लिखेगा? पुराना धंदा मैं नक्को करता. साल भर का निकाल के दे दो."

वर्षभराचा अंदाज त्या गणिताने काढणे म्हणजे वर्षभर गल्लीला अवेळी पाणी भरावयास लावणे. मी गणित बाजूस ठेवले. काकूंच्या ओट्यावर बसून, काकूंना आणि चाचांना समोरासमोर बसवून, कोणत्या दिवशी कोणत्या गल्लीला केव्हा पाणी सोयीचे ते विचारले. दोघांचे भांडण झाले, दोनदा चहा झाला, आणि वेळा ठरल्या. प्रयोगशाळा सहायकांच्या कृपेने, पायमोजे काढून, त्या मी यंत्राकडून छापून घेतल्या. कागदावरच्या वेळा सर्वांना मानवल्या त्या याच वेळी, आणि यंत्राने त्यात अक्षरे उमटवण्यापलीकडे काही केले नाही.

उठताना चाचा जरा घुटमळले. "और एक बात, पंडितजी. जुम्मे को दोपहर में कुछ मत रखना. मेरे कू नमाज कू जाना रहता. मैं बोलूँ तो साब सुनता नहीं. कंप्युटर बोला तो सुनेगा."

मी शुक्रवारची दुपार कोरी ठेवली.

वर्षाने सुट्टीत आलो तेव्हा कागद खिडकीत तसाच होता, पिवळा पडलेला, कुंकवाचे बोट ताजे. आमच्या खोलीत नवे विद्यार्थी आले होते आणि काकू त्यांना घराचे नियम समजावीत होत्या. एकाने विचारले, शुक्रवारी दुपारी पाणी का नसते?

"नाही सोडत," काकू म्हणाल्या, आणि किंचित आदराने आवाज खाली आणून पुढे म्हणाल्या, "कंप्युटरला शुक्रवार असतो."