दादांसाठी धरलेली खुर्ची

दुबईजवळ अजमानला एका खोलीत आम्ही सहाजण राहायचो, पण मला खरा आधार होता तो दादांचा. ते सख्खे भाऊ नव्हेत. आमच्या वाडीतले, माझ्याहून पुष्कळ मोठे, सुतारकामावर होते. सातवीत शाळा सोडून आलेल्या मला फोरमनसमोर कधी बोलायचं आणि कधी गप्प राहायचं, हे त्यांनीच शिकवलं. गप्प राहायचं तेवढं मी जास्तच शिकलो.

गावच्या जत्रेतल्या नाटकात दादा वर्षानुवर्षं बाईचं काम करायचे. खोलीत पीठ मळता मळता मध्येच पदर सावरल्यासारखं करून एखादं वाक्य फेकायचे, की आम्ही हसून लोळायचो. मग स्वतःच म्हणायचे, "नाटक समोरून कधी बघितलंच नाही रे. नेहमी विंगेतून. समोरून कसं दिसतं, ते एकदा बघायचंय."

एका वर्षी मराठी मंडळाने मुंबईचं नाटक आणलं. आम्ही फोन केला तोवर जागा संपल्या होत्या. तरीही गेलो, आणि हॉलबाहेर उभं राहून आतला हशा ऐकून परत आलो.

पुढच्या वर्षी मंडळाची वेबसाइट निघाली. ती सांभाळणारे साहेब हमरियाच्या कारखान्यांच्या वसाहतीत आमच्याच कंपनीत इंजिनियर होते, पुण्याचे. मला हेल्परचा वेल्डर त्यांनी केलं. आई आजारी पडली तेव्हा रजाही त्यांनीच मिळवून दिली. मंडळाच्या गणपतीचा लोखंडी सांगाडा मी बनवायचो, तेवढीच माझ्याकडून परतफेड.

त्यांनी एकदा मला केबिनमध्ये बोलावलं. "हे बघ, नाटकाचं रजिस्ट्रेशन शुक्रवारी सगळ्यांसाठी उघडणार. पण मंडळाचं काम करतात त्यांच्यासाठी हे वेगळं पान आजच उघडलंय. बोल, किती खुर्च्या?"

"दोन, साहेब. एक आमच्या खोलीतल्या दादांना."

त्यांनी टकटक करून दोन्ही नावं टाकली. "झालं. शुक्रवारपर्यंत कुठे बोलू नकोस हं. कामगारांच्या कॅम्पवरून फोन सुरू झाले तर कमिटी माझं डोकं खाईल."

माझं नाव काँप्युटरवर मी पहिल्यांदाच बघत होतो. ते जितक्या सहज लिहिलं गेलं तितक्याच सहज पुसलं जाईल, असं मला वाटत राहिलं. माझ्या तोंडून शब्द गेला तर साहेबांना खाली बघावं लागेल, हेच डोक्यात बसलं.

दादांनी वयापायी काम सोडायचं ठरवलं होतं. त्याच आठवड्यात कंपनीने त्यांना विचारलं, की कायमचं घरी जायचंय तर आत्ताचं तिकीट घेता की पुढच्या महिन्यातलं? नाटक पुढच्या महिन्यात होतं. संध्याकाळी शर्ट पिळता पिळता ते म्हणाले, "काय रे, नाटकाचं काही कळलं? तुझ्या साहेबांना विचारतोस का?"

"अजून काही नाही, दादा."

"राहू दे. फॅमिलीवाले घरी बसून बटण दाबणार, आपला नंबर कुठला लागायला? उगाच कशाला खोळंबू? आत्ताच्या तिकिटाला हो म्हणतो."

मी भाताखालचा गॅस बारीक केला. शुक्रवार परवावर आला होता. एवढ्यात काय होतंय, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली आणि पासपोर्ट व्हिसा रद्द करायला गेला. शुक्रवारी सकाळी मी त्यांना सगळं सांगितलं. "माझ्या नावाची खुर्ची? खरंच?" मग हसल्यासारखं करून म्हणाले, "खलास रे आता. तू बघ, आणि मला फोनवर सांग."

मी साहेबांकडे धावलो. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अरे, ज्याच्यासाठी खुर्ची धरली त्यालाच सांगितलं नाहीस?" ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्यासमोर दोन-तीन ठिकाणी फोन लावले. व्हिसा रद्द झाला होता, उपयोग झाला नाही.

नाटकाला मी एकटाच गेलो. शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकला. पडदा वर जाता जाता साइटवरच्या कामाच्या कपड्यांत एकजण आला आणि वाकून म्हणाला, "भाऊ, इथे कोणी आहे का?"

"येतायत," मी म्हणालो.

गावी फोन लावला तेव्हा दादांनी आधी तेच विचारलं, "समोरून कसं दिसतं रे?"

मला नीट सांगता येईना. "सगळ्यांचे चेहरे दिसतात, दादा," एवढंच म्हणालो. मग त्यांना बरं वाटेल म्हणून सांगितलं, की तुमची खुर्ची मी शेवटपर्यंत रिकामी ठेवली होती, कोणाला बसू दिलं नाही.

दादा पलीकडून म्हणाले, "मेल्या, रिकामी कशाला ठेवलीस? बसवायचं होतंस की कोणाला तरी."

तेव्हा मला तो माणूस आठवला. दाराजवळच्या भिंतीला टेकून त्याने सगळं नाटक उभ्यानेच बघितलं होतं.