आठशे किलोमीटर आणि समोरचं कुलूप

तिरुचीहून कोल्हापूर सरळ रेषेत आठशे किलोमीटरच्या आसपास. नकाशावर पट्टी ठेवून मी स्वतः मोजलंय. जन्मभर भूगोल शिकवला तो काही उगाच नाही. थेट विमान असतं तर दोन तासांत पोचले असते. आमचं विमान आधी बंगळूरला जातं, तिथे ताटकळायचं, मग दुसरं. तरी सकाळी आठला घरून, तंजावूरहून, निघून तिरुचीचं विमान धरलं की दिवेलागणीला कोल्हापूर, यात मला तिळमात्र शंका नव्हती.

जायचं होतं अक्काकडे. माझी थोरली बहीण, लग्न होऊन कोल्हापूरला गेलेली. मंगळवारी सकाळी तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. फोनवर म्हणाली, "येतांना मारीअम्मनचं कुंकू आण. ते लाविल्याशिवाय मी आंत जाणार नाही, सांगून ठेवत्ये." शाळेत असताना परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघी त्याच देवीच्या देवळातलं कुंकू लावून जायचो.

अडचण एकच. सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाळ, आणि गाडीवाला शाळेची मुलं सोडून आठलाच येणार. विमानाला राहुकाळ लागत नाही, असं मी ठणकावून सांगितलं. पण आमचे हे गप्प बसतात होय! त्यांनी प्रस्थान ठेवलं. म्हणजे रविवारी संध्याकाळी चांगली वेळ बघून माझी बॅग समोरच्या घरी नेऊन ठेवली. सामान हललं की प्रवास तेव्हाच सुरू झाला, असं आमच्याकडे मानतात. शकुनाची म्हणून कुंकवाची पुडीही त्यातच घातली, मला न विचारता.

सोमवारी आठला गाडी दारात आणि समोरच्या दाराला कुलूप. शेजारीण पहाटेच पापनाशमला गेलेली, लेकीला कळा सुरू झाल्या म्हणून. किल्ली तिच्या कमरेला. फोनवर बिचारी रडकुंडीला आली. मिळेल ती बस धरली तरी तिला यायला तासाच्या वर लागणार होता.

"बंगळूरचं विमान चुकलं तर आज पोचणं नाही," मी म्हटलं.

ह्यांचा चेहरा उतरला. आत जाऊन देवघरातला करंडा घेऊन आले. "हे ने. कुंकू तें कुंकू. अक्काला काय कळायाचं आहे?"

"अक्काला फसवूं? आज?" मी करंडा तसाच त्यांच्या हातात ठेवला आणि भर राहुकाळात गाडीत बसले. जवळ फक्त पर्स. तिच्यात आधारकार्ड, फोन, रुमाल.

दोन्ही विमानं वेळेवर निघाली. माझं गणित चुकत नाही. पण बंगळूरला बसल्या बसल्या एकच विचार. अक्का हट्टी आहे. तिने आत जायला खरंच नकार दिला तर? मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू.

हॉस्पिटलात पोचले तेव्हा अक्का खाटेवर बसून दाराकडेच बघत होती. किती वाळली होती! मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, कुलूप, पुडी, ह्यांचा पराक्रम.

ती ऐकत राहिली आणि मग इतकी हसली की नर्स धावत आली.

"म्हणजे तुझा प्रवास समोरच्या घरांत कुलपांत आहे, अन् तू इकडे?"

"हो. आता सांग, उद्या आत जाशील ना?"

तिने माझ्या हातांकडे पाहिलं.

"हात रिकामे आहेत न्हवे तुझे? मग माझा धरून दारापर्यंत ये. जात्ये मी."